अधीक्षक चषक संपल्यानंतर

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ११ ऑगस्ट १९९४ रोजी एक विधेयक अडले. विधेयक गुन्हेगारीविरुद्धचे होते, त्यातली रक्कम सुमारे ३३ अब्ज डॉलरची होती, आणि विरोधकांच्या भाषणांत सर्वांत जास्त टिंगल झाली ती मध्यरात्रीच्या बास्केटबॉलची. रात्री उशिरा वस्त्यांमधल्या तरुणांसाठी क्रीडागृहे उघडी ठेवावीत, सामने भरवावेत, यासाठी विधेयकात सुमारे चार कोटी डॉलर ठेवले होते. हजार डॉलरमागे सव्वा डॉलरसुद्धा नाही. त्याच विधेयकात तुरुंग बांधण्यासाठी साडेनऊ अब्जांहून अधिक तरतूद होती. तिच्यावर कोणी फारसे हसले नाही. खरी अडचण बंदुकांवरच्या निर्बंधांची होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण बंदुकीच्या बाजूने उघड बोलण्यापेक्षा चेंडूची चेष्टा करणे सोपे असते. २१० विरुद्ध २२५ मतांनी विधेयक चर्चेलाच येऊ शकले नाही. मग काटछाट झाली, रक्कम तीस अब्जांवर आली आणि १३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. बास्केटबॉल मात्र तेव्हापासून अमेरिकी राजकारणात सरकारी उधळपट्टीचे उदाहरण म्हणून बदनाम झाले ते झालेच.

हा उपक्रम कुणा सरकारी समितीच्या डोक्यातून निघालेला नव्हता. मेरीलँड राज्यातल्या ग्लेनार्डन नावाच्या छोट्या गावाचे प्रशासक जी. व्हॅन स्टँडिफर यांनी १९८६ मध्ये तो सुरू केला. रात्री दहा ते दोन या वेळात गावातले तरुण अमली पदार्थांच्या धंद्यात सापडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून नियम तीनच ठेवले: खेळाडू साधारण सतरा ते एकवीस वर्षांचे असावेत, दहाच्या आधी सामना सुरू होऊ नये आणि प्रत्येक सामन्याला दोन गणवेशधारी पोलीस हजर असावेत. खर्च नगण्य होता. १९९१ मध्ये थोरले बुश राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी या उपक्रमाचे जाहीर कौतुक केले. म्हणजे ज्या रिपब्लिकन पक्षाने १९९४ मध्ये त्याची खिल्ली उडवली, त्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने तीन वर्षे आधी त्याची पाठ थोपटली होती. राजकारणात असे चालते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. प्रश्न आहे तो उपक्रम इतका सहज आडवा कसा झाला, हा. त्याचे उत्तर त्याच्या पाठीराख्यांच्या प्रचारात सापडते. त्यांनी तो विकला तो ‘गुन्हे कमी करणारा खेळ’ म्हणून, आणि या दाव्यामागे नीट पडताळणी नव्हती. समाजशास्त्रज्ञ डग्लस हार्टमन आणि त्यांचे सहकारी ब्रुक्स डेप्रो यांनी २००६ मध्ये जी आकडेवारी मांडली, तिच्यात असे दिसले की सुरुवातीच्या काळात हा उपक्रम घेतलेल्या शहरांत मालमत्तेविषयीचे गुन्हे इतर शहरांपेक्षा अधिक घटले. पण ही घट खेळामुळेच झाली असे त्यांनीही ठामपणे म्हटले नाही. मूठभर खेळाडूंमुळे अख्ख्या शहराचा आकडा कसा हलेल, हा साधा प्रश्न त्यांच्याही समोर होता.

पोलिसांच्या साथीने चालणाऱ्या मुलांच्या क्रीडा उपक्रमांना सार्वजनिक पैसा द्यावा का, या वादात माझे उत्तर होय असे आहे. मात्र तो पैसा गुन्हे घटण्याच्या वचनावर मागू नये आणि पोलिसांच्या खात्यातून खर्चू नये. या दोन अटी पाळल्या नाहीत तर चांगला उपक्रमही पहिल्या वादळात कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोलिसांच्या डोळ्या-कानांचे काम करू लागतो.

दीर्घकाळ टिकलेल्या उपक्रमांचा इतिहास पाहिला तर स्वतंत्र संस्थेचे महत्त्व स्पष्ट दिसते. न्यूयॉर्कची पोलीस ॲथलेटिक लीग आपली सुरुवात १९१४ पासून मोजते. त्या वेळचे पोलीस आयुक्त आर्थर वुड्स यांनी मोकळे भूखंड शोधले, मुलांना खेळता यावे म्हणून काही रस्ते ठरावीक वेळी वाहनांना बंद केले. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना रस्त्यावर चेंडू खेळला म्हणून हटकावे की त्यांच्यासाठी रस्ताच मोकळा करावा, असा तो निर्णय होता. मुंबईच्या चाळीतल्या कोणालाही तो चटकन कळेल. पुढे ही लीग पोलीस दलाचा विभाग न राहता स्वतंत्र संस्था झाली. तिचे स्वतःचे संचालक मंडळ आहे, स्वतःचे प्रशिक्षक आहेत, आणि सरकारी अनुदाने व खासगी देणग्या अशा दोन्ही झऱ्यांतून पैसा येतो. पोलीस आयुक्त आले आणि गेले, महापौर आले आणि गेले, लीग चालू राहिली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचे पोलीस आयुक्त विल्यम मॅके यांनी १९३७ मध्ये सिडनीच्या वूलूमूलू भागात मुलांचा क्लब काढला. त्याला रोटरीची साथ होती. आज त्या राज्यात या क्लबांचे जाळे आहे. ग्लेनार्डनची कल्पना या दोन्हींपेक्षा वाईट नव्हती, फक्त तिच्या पाठीशी अशी संस्था उभी राहिली नाही. तिचे भवितव्य एका विधेयकातल्या एका ओळीवर येऊन ठेपले.

आता पुराव्याकडे. खेळ आणि पोलीस हा विषय निघाला की मुहम्मद अलीची गोष्ट येतेच: १९५४ मध्ये लुईव्हिलमध्ये बारा वर्षांच्या पोराची सायकल चोरीला गेली, चोराला बदडून काढीन म्हणून तो तणतणत आला, आणि तक्रार ऐकणाऱ्या जो मार्टिन या पोलिसाने त्याला आधी ठोसा मारायला शिक, असे सांगून स्वतःच्या तालमीत घेतले. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण एका अलीवरून धोरण ठरत नाही. त्या तालमीत आलेल्या बाकीच्या पोरांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. उलट पोलिसांना प्रिय असलेला उपक्रम निष्फळ ठरल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतच आहे. १९८३ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी शाळांमध्ये जाऊन अमली पदार्थांविरुद्ध धडे देण्याचा ‘डेअर’ कार्यक्रम सुरू केला. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, शिक्षकांना आवडला, मुलांना टी-शर्ट मिळाले. १९९४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे दिसले. लोकप्रियता आणि उपयोग या वेगळ्या गोष्टी आहेत.

उपयोग कशाचा होतो, याचे जास्त भरवशाचे उत्तर शिकागोतून आले. तिथे ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमाची २००९-१० मध्ये चाचणी झाली, तीही चिठ्ठ्या टाकून. अठरा शाळांमधली सुमारे २,७०० मुले. काहींना उपक्रमात जागा मिळाली, काहींना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली गेली. उपक्रमात शाळेच्या वेळात आठवड्याला एक तास समुपदेशकाबरोबर गटचर्चा होती, आणि शाळेनंतर तिरंदाजी, कुस्ती, मुष्टियुद्ध असे खेळ. पहिल्याच तासाचा एक खेळ फार बोलका आहे. मुलांच्या जोड्या पाडतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. जवळपास सगळे झोंबाझोंबी करतात, बोटे पिरगाळतात. मग अदलाबदल, पुन्हा तेच. शेवटी समुपदेशक विचारतो, ‘‘नुसता मागून का पाहिला नाहीस?’’ बहुतेकांचे उत्तर असते, मागितला असता तर त्याने दिला नसता, मला बावळट समजला असता. मग ज्याच्या हातात चेंडू होता त्याला विचारतात. तो म्हणतो, दिला असता की, साधा चेंडू तर आहे. या उपक्रमातल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतील अटका उपक्रम चालू असताना जवळपास निम्म्याने घटल्या. अटकांवरचा हा परिणाम उपक्रम थांबल्यावर टिकला नाही, शाळेतली प्रगती मात्र पुढेही दिसत राहिली. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. खेळ मुलांना खेचून आणतो आणि पुन्हा पुन्हा यायला लावतो. बदल घडतो तो तिथे नेमाने भेटणाऱ्या, नीट प्रशिक्षण घेतलेल्या मोठ्या माणसामुळे. आणि परिणाम हवा असेल तर उपक्रम चालूच ठेवावा लागतो, एक हंगाम करून भागत नाही. या प्रयोगातली ती मोठी माणसे समुपदेशक आणि प्रशिक्षक होती, पोलीस नव्हते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा नाही. तो असा, की पोलीस मैदानावर येतात ते मुलांशी खेळायला की मुलांची माहिती काढायला? हा आक्षेप वाऱ्यावर सोडता येत नाही. ज्या न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या नावाची लीग शतकभर चालली, त्याच शहरात २०११ या एका वर्षात पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा रस्त्यावर लोकांना थांबवून झडती-चौकशी केली. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते, आणि जवळपास ८८ टक्के प्रसंगांत ना अटक झाली ना साधी नोटीस निघाली. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. संध्याकाळी बास्केटबॉल खेळवणारा गणवेश आणि रात्री कोपऱ्यावर भिंतीला टेकवून खिसे उलटे करणारा गणवेश एकच असेल, तर पोराच्या लक्षात कोणता राहील? न्यू साउथ वेल्समध्येही तेच. क्लब चालवणाऱ्या राज्यातल्या पोलिसांकडे संभाव्य गुन्हेगारांची एक यादी होती. तीत अल्पवयीन मुले होती, आदिवासी मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते, आणि यादीतल्या मुलांना पोलीस वारंवार अडवत, घरी जात. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने ताशेरे ओढल्यावर २०२३ मध्ये मुलांसाठी ही पद्धत थांबवावी लागली. विश्वास मैदानावर कमावता येतो, पण गमावला जातो तो रस्त्यावर. म्हणून क्रीडा उपक्रम हा पोलिसांच्या वागणुकीतल्या सुधारणेला पर्याय म्हणून कोणी पुढे करत असेल तर त्याला पैसा देऊ नये, हे मला मान्य आहे.

पण आक्षेपाचे उत्तर पोलिसांना मैदानाबाहेर हाकलणे हे नव्हे. नोंदवही कोणाच्या हातात आहे, हे ठरवणे हे आहे. आपल्याकडे त्याचा कायदेशीर पाया आधीच तयार आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे लागते आणि त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी एक महिला, असावे लागतात. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. मुलांशी बोलताना पोलिसाने शक्यतो साध्या वेशात असावे, असे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. ‘गुन्हेगार’, ‘बिघडलेला’ असा शिक्का मुलावर मारू नये, हे तर या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच आहे. म्हणजे कायद्याने मुलांच्या बाबतीत पोलिसाला एकटे सोडलेलेच नाही. हाच नियम मैदानाला लावायचा: मुलांची नावे, पत्ते, हजेरी हे सारे संस्थेकडे राहील, ठाण्याकडे जाणार नाही, आणि अनुदानाच्या करारात तसे लिहिलेले असेल. मुलाला प्रवेश देताना ‘धोक्यातला’ असा रकाना भरायची गरज नाही. वस्तीतले मूल आहे, एवढी पात्रता पुरे.

महाराष्ट्रात या विषयाला दोन वेगळे धागे आहेत. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत. त्या चळवळीने वस्त्यांमधल्या तरुणांचे आणि पोलिसांचे संघ घेऊन शांततेसाठी क्रिकेट सामने भरवले. इथली रचना पाहण्यासारखी आहे. बोलावणारी नागरिकांची चळवळ, आणि पोलीस तिथे खेळाडू. सामना हरला तरी ठाण्याची इभ्रत जात नाही, जिंकला तरी बढती मिळत नाही.

दुसरा धागा गडचिरोलीचा. तिथले जिल्हा पोलीस दल वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉलच्या स्पर्धा घेते, आणि दुर्गम पोलीस मदत केंद्रांच्या हद्दीतले संघ त्यांत उतरतात. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून १८५८ मध्ये चंद्रपुरात फाशी गेलेल्या वीराच्या नावाने पोलिसांनी कबड्डी भरवावी, यात काळाने घेतलेली एक गमतीशीर गिरकी आहे. स्पर्धांचे मोल कमी नाही. जिथे क्रीडा विभागाचा माणूस पोचत नाही तिथे पोलीस पोचले आहेत. पण माओवादग्रस्त भागात अशा कामांसाठी केंद्राकडून येणारा पैसा मुख्यतः सुरक्षेच्या शीर्षाखाली येतो. निमलष्करी दलांचा नागरी कृती कार्यक्रम हे त्याचे उदाहरण. आणि माओवादग्रस्त जिल्ह्यांची संख्या देशात १२६ वरून २०१८ मध्ये ९०, २०२१ मध्ये ७० आणि एप्रिल २०२४ मध्ये ३८ वर आली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण याच आनंदात प्रश्न दडला आहे: यादीतून जिल्ह्याचे नाव गळाले की त्या पोरांची कबड्डीही गळणार का? बंदूक होती तोवर चेंडू मिळाला आणि बंदूक गेल्यावर चेंडूही गेला, असा हिशेब गावात मांडला गेला तर तो चुकीचा कसा म्हणायचा? सुरक्षेच्या नावाने मागितलेला पैसा सुरक्षा आली की आटतो. ग्लेनार्डनच्या बास्केटबॉलचे जे झाले, त्याचीच ही दुसरी तऱ्हा.

पैसा कशावर जातो, तेही पाहायला हवे. जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस अधीक्षकांच्या नावाने भरणाऱ्या ‘अधीक्षक चषका’चा खर्च एकदा डोळ्यांसमोर आणा. मंडप, ध्वनिक्षेपक, फ्लेक्स, प्रायोजकाच्या नावाचे टी-शर्ट, चषक, हार-शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे जेवण. सामने दोन दिवस, भाषणे दोन तास. तिसऱ्या दिवशी मैदानावर मंडपाच्या खुंट्यांचे खड्डे राहतात. यातला एकही खर्च मुलाला बुधवारी संध्याकाळी पाच वाजता सरावाला आणत नाही. त्यासाठी लागतो तो प्रशिक्षकाचा मासिक मेहनताना, बूट, चेंडू, अंधार पडल्यावर दिवे, आणि मुलींनी यावे असे वाटत असेल तर कडी लागणारे स्वच्छतागृह. या वस्तूंसोबत कोणाचा फोटो छापून येत नाही, म्हणून त्या मागे पडतात. सराव पोलिसांच्याच भरवशावर ठेवावा, तर त्यांच्या नोकरीची तऱ्हा आडवी येते. दहीहंडी, गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, काहीही निघाले की हवालदार बंदोबस्ताला जातो. ज्या राज्यात मुंबईतल्या पोलिसांना आठ तासांची पाळी हा २०१६ मध्ये देवनारपासून सुरू झालेला प्रयोग म्हणून बातमीचा विषय ठरला, त्या राज्यात पोलिसाकडून आठवड्याला चार संध्याकाळी शिकवण्याची अपेक्षा करणे हे त्याच्यावर आणि मुलांवरही अन्यायाचे आहे. शिवाय दोन वर्षांत साहेब बदलतात. नवे साहेब सायकलप्रेमी निघाले की कबड्डी संपते आणि सायकल फेरी सुरू होते.

मग पोलीस हवेतच कशाला, सरळ क्रीडा विभागाला पैसे द्या, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला अर्धा पटतो. शिकवायला पोलीस नकोत. पण ग्लेनार्डनच्या नियमातले दोन पोलीस शिकवण्यासाठी नव्हतेच. रात्री दोन वाजता मुले सुरक्षित घरी जावीत आणि गल्लीतल्या टोळीने क्रीडागृह ताब्यात घेऊ नये म्हणून होते. आपल्याकडेही मैदानावर दारूचे अड्डे बसतात, संध्याकाळनंतर मुलींना तिथून जाणे नकोसे होते, गाड्यांचा वाहनतळ होतो. हे हटवण्याची ताकद क्रीडा अधिकाऱ्याकडे नाही, बीटच्या पोलिसाकडे आहे. आणखी एक फायदा आहे, तो पोलिसांचाच. वस्तीतल्या मुलाशी पोलिसाची गाठ बहुतेक वेळा कोणीतरी आरोपी, कोणीतरी फिर्यादी असतानाच पडते. पंच म्हणून शिट्टी वाजवताना, पोराने निर्णयावर हुज्जत घातल्यावर काठी न उचलता निर्णय समजावून देताना त्या पोलिसालाही काही वेगळे शिकायला मिळते. यासाठी त्याने महिन्यातून दोनदा, साध्या वेशात, संस्थेच्या निमंत्रणावरून आले तरी पुरते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: गुन्हे घटण्याचे आमिष नसेल तर सरकार पैसे देईलच कशाला? १९९४ चे उत्तर असे की आमिष दाखवूनही पैसे टिकले नाहीत. उलट आमिष मोजता आले नाही म्हणून ते हास्यास्पद ठरले. जे खरोखर मोजता येते तेच कबूल करावे. सराव वर्षातले किती दिवस झाला, प्रशिक्षकाचा पगार किती महिने वेळेवर झाला, चौदा-पंधरा वर्षांच्या मुली दहावीच्या वर्षीही येत राहिल्या का, मुलांनी किंवा पालकांनी पोलिसांच्या वागण्याबद्दल तक्रार केली तर तिची दखल कोणी घेतली. जिल्हा नियोजन समितीने हे अनुदान क्रीडा किंवा बालविकासाच्या शीर्षाखाली, सलग निदान तीन वर्षांसाठी, नोंदणीकृत संस्थेला द्यावे. संस्थेच्या मंडळात पोलिसांचा एक प्रतिनिधी असावा, अध्यक्ष मात्र तो नसावा. आणि चषकावरचा खर्च एकूण रकमेच्या किती टक्क्यांपर्यंत चालेल हे आधीच ठरवून टाकावे. अधीक्षकांना चषक द्यायचाच असेल तर तीन वर्षे सराव चाललेल्या मैदानाला द्यावा.